अंगठा पूर्ववत मिळणेबाबत

अर्जदार : मी स्वतः. धंदा अर्जनवीस, राहणार सोलापूर, वय पन्नाशी उलटलेले. नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण नाव दिले की लोक अर्ज वाचायचे सोडून अर्जदाराच्या तोंडाकडे पाहू लागतात.

सामनेवाली : अर्जदाराची एकुलती एक मुलगी. नोकरी कॉम्प्युटरची, हल्ली मुक्काम बेंगळुरू, भाड्याच्या खोलीत दोन मैत्रिणींसह.

घटनेचे ठिकाण : अर्जदाराच्या मोबाईलमधील 'घर' या नावाचा ग्रुप. सभासद तीन.

कालावधी : यंदाची संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठली तेव्हापासून बाजारात आंबा येऊन संपेपर्यंत.

साक्षीदार : पहिला, कचेरीच्या फाटकाबाहेरचा कडुनिंब, ज्याच्याखाली अर्जदाराचे टेबल आहे. दुसरा, अर्जदाराच्या पत्नीचा मोबाईल. पत्नी हयात नाही. मोबाईल चालू स्थितीत आहे.

वरील तपशील आरंभीच देण्याची शिस्त मला माझ्या गुरूंनी लावली. तेही याच झाडाखाली बसत. ते म्हणत, "आधी कोण, कुठे, कधी आणि कुणी पाहिले ते सांग. रडायचे ते शेवटच्या परिच्छेदात, आणि तेही एकाच ओळीत." ती शिस्त मी आजवर मोडलेली नाही. दहावीत गणिताने मला अडवले आणि शिक्षण तिथेच थांबले, हे खरे आहे. परंतु माझ्या एकाही अर्जावर 'मजकुराचा बोध होत नाही' असा शेरा आजतागायत पडलेला नाही. वकिलीची पदवी घेतलेली माणसेसुद्धा 'सबब' कुठे लिहावे आणि 'तस्मात' कुठे, हे मला विचारून गेलेली आहेत. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. पुढील हकिगतीत भाषेचा संबंध येतो, म्हणून नोंदवून ठेवतो.

माझे टेबल पूर्वी सकाळी मांडले की माणसांनी वेढले जाई. सांगोल्याचा मेंढपाळ, वैरागचा व्यापारी, अक्कलकोटकडून आलेली अर्धे कानडी, अर्धे मराठी बोलणारी माणसे. प्रत्येकाचे भांडण निराळे आणि प्रत्येकाला वाटे की जगात पहिल्यांदा आपल्याच बांधावर अन्याय झाला. मी ऐकून घेई. अर्ध्या गोष्टी अर्जाच्या कामाच्या नसत, तरी ऐकून घेई. आता बहुतेक अर्ज समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन भरले जातात. माझ्या टेबलाशी माणूस थांबतो तो बहुधा आधारचे काम कुठे होते, हे विचारायला. मी बोटाने दिशा दाखवतो. तो जातो. दुपारी ऊन झाडाच्या फांद्यांतून टेबलावर उतरते तेव्हा शाईच्या पॅडवर पाण्याचे चार थेंब टाकावे लागतात, नाहीतर तो वापराविना वाळतो.

मागील दिवाळीच्या तोंडावर पत्नी वारली. तिच्या आजारपणाबद्दल लिहिण्याचे प्रयोजन नाही. प्रयोजन एवढेच सांगण्याचे आहे की मुलीचे आणि माझे बोलणे तिच्यामार्फत चालत असे. रविवारी फोन वाजायचा. मायलेकी बोलायच्या. मी कॉटवर पेपर धरून बसायचो. शेवटी पत्नी फोन कानापासून थोडा दूर करून म्हणायची, "ही विचारतीय, अप्पा कसे आहेत?" मी म्हणायचो, "बरा आहे म्हणून सांग." ती सांगायची. मग पलीकडून काहीतरी यायचे आणि ती हसायची. "काय म्हणाली?" असे मी विचारले तर म्हणायची, "काही नाही, तुमचंच." ते 'काही नाही' काय होते, हे विचारायचे राहून गेले.

पत्नीच्या माघारी मुलीने दोन रविवार मला फोन केला. "जेवलात का अप्पा?" "जेवलो. तू?" "हो." त्यानंतर माझ्याकडचा पंखा तिला ऐकू येई आणि तिच्या खोलीतला मिक्सर मला. शेवटी "ठेवू का?" असे ती विचारी, आणि ठेवू नको असे म्हणण्यासारखे काही ठोस कारण माझ्याकडे नसे. बोलण्याला पुरावा नसतो, त्याची नक्कल मिळत नाही, म्हणून मलाही तो प्रकार पसंत नव्हता. मी तिला कळवले की यापुढे आपण ग्रुपवर लेखी व्यवहार करू.

'घर' हा ग्रुप तिनेच नोकरीला जाताना केला होता. ती, तिची आई आणि मी. आई गेल्यावर तिचे नाव ग्रुपमधून काढावे असे मुलगी म्हणाली नाही, मीही म्हणालो नाही. पत्नीचा मोबाईल मी चालू ठेवला आहे. गॅस सिलिंडरचा नंबर त्याच फोनवर येतो, हे त्याचे कारण. तो देवाच्या फळीशेजारी चार्जिंगला लावलेला असतो आणि दर महिन्याला मी त्याचा रिचार्ज मारतो. त्या फोनला मी गॅसच्या कामाशिवाय हात लावत नसे. दुसऱ्याचे टपाल उघडू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

जत्रा उठल्यानंतर मी नियमाने लिहू लागलो. सकाळी झाडाखाली टेबल मांडले की पहिला मजकूर ग्रुपवर. "विषय : नळास पाणी आल्याबाबत. चार दिवसांच्या खंडानंतर आज पहाटे पाणी आले. पिंप व दोन्ही घागरी भरून घेतल्या आहेत. कळावे." दुसऱ्या दिवशी, "विषय : कडक भाकरी व शेंगाचटणी पाठविणेबाबत. आपला पत्ता पिन कोडसह कळवावा." तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुत्रीला झालेल्या पिल्लांबाबत. पत्नी त्या कुत्रीला भाकरी घालत असे, म्हणून कळवणे माझे कर्तव्य होते.

प्रत्येक मजकुराखाली थोड्या वेळाने एक अंगठा येई.

लहानसा, वर केलेला, हळद लागल्यासारखा पिवळा. शब्द नाही, अक्षर नाही. पत्ता विचारला तेव्हा पत्ता आला, आणि त्याखाली मी "मिळाला" असे लिहिले तर त्यावर पुन्हा अंगठा.

इथे वाचकांनी माझी जागा समजून घ्यावी. ज्याला सही येत नाही त्याच्या नावापुढे आम्ही 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे लिहितो आणि पॅड पुढे सरकवतो. त्याखाली आणखी एक ओळ येते, 'अंगठा ओळखणार', आणि तिथे ओळखीच्या माणसाची सही घेतात, कारण शाईचा ठिपका कुणाचा हे डोळ्यांनी सांगता येत नाही. माझे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी ते रांगेत उभे राहून अंगठा लावत आणि घरी येईपर्यंत तो हात खिशात ठेवत. मी सही करणारा घरातला पहिला. मुलगी शाळेत जाण्याआधीच मी तिला पाटीवर सही शिकवली होती. अक्षरे यायच्या आधी तिला सही येत होती. आणि आता ती, इंजिनिअर झालेली, बापाच्या पत्राखाली रोज अंगठा लावत होती.

मी बराच काळ सोसले. एके दिवशी लिहिले : "विषय : अंगठा लावण्यास हरकत. आपण पदवीधर असून वडिलांच्या पत्रावर अंगठा लावता, ही बाब घराच्या लौकिकास शोभणारी नाही. शिवाय सदर अंगठा आपलाच की मैत्रिणींपैकी कोणी लावला, हे ओळखण्यास साक्षीदार नाही. तरी यापुढे उत्तर द्यावयाचे झाल्यास ते स्वतःच्या शब्दांत व सविस्तर द्यावे, अन्यथा देऊ नये."

ती भाषा मी दोनदा वाचली. तिच्यात बोट शिरायला फट नव्हती.

उत्तर आले, "ठीक आहे अप्पा." त्यानंतर काही आले नाही.

मी लिहीत राहिलो. पाणी आले, पाणी आले नाही. भाकरीचे पार्सल पाठवले, त्याची पावती. कुत्रीच्या पिल्लांपैकी एक गाडीखाली आले, बाकी मोठी झाली. मजकुराशेजारी दोन करड्या खुणा उमटत, म्हणजे पोच मिळाली. परंतु पोच वेगळी आणि वाचणे वेगळे, हे मला कुणी शिकवायला नको. कचेरीच्या आवक खिडकीवर शिक्का मारून घेतलेले अर्ज वर्षानुवर्षे गठ्ठ्यात पडून राहिलेले मी पाहिले आहेत. वाचले की खुणा निळ्या होतात, असे मुलीनेच मला फोन घेऊन देताना सांगितले होते. माझ्या खुणा निळ्या होईनात. अंगठा होता तोवर मी त्या खुणांकडे पाहिलेच नव्हते. आता दिवसभर पाहू लागलो. टेबलाशी कुणी आले नाही तर मोबाईल पाहायचा, कुणी आले तर त्याला दिशा दाखवून पुन्हा मोबाईल पाहायचा. रविवार आला की जेवणाचे ताट मोबाईलसमोर मांडायचे. मुलगी माझे लिहिलेले वाचते की नाही, एवढे एकच मला कळायला हवे होते. उत्तराची अपेक्षा मी मनातून काढली होती.

उन्हाळ्याच्या भरात मोहोळकडचा एक शेतकरी आला. डोक्याला पंचा, हातात म्हातारीच्या नावाची कागदपत्रे.

"म्हातारीच्या पेन्शनीचं हाय. समूरची ऑनलाइनवाली म्हनती आदी हातानं लिवलेला अर्ज आन. लिवून द्या की."

"अर्जदार कुठे आहे?"

"घरी. तुमी लिवा, मी तिचा अंगठा घरनं घिऊन येतो."

मी पेन खाली ठेवले. "अंगठा घरून आणता येत नाही. माणूस आणावा लागतो."

"अवो, लई ऊन हाय. कागुद तिचा, अंगठा तिचा, तुमचं काय जातंय?"

"अंगठा म्हणजे नुसती शाई नव्हे. अमुक माणूस अमुक वेळी स्वतः इथे हजर होता, एवढेच अंगठा सांगतो. दुसरे काही सांगत नाही."

"बरं बाबा, आनतो. कोर्टातलं श्यानपन तुमचं."

दुसऱ्या दिवशी तो तिला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. म्हातारी उतरली, पदराने तोंड पुसले आणि मला वरपासून खालपर्यंत पाहून लेकाला म्हणाली, "ह्योच का त्यो, अंगठ्यापायी मला भाजून काडनारा?"

"व्हय. त्योच."

मी तिला खुर्ची दिली. तिने पॅडवर अंगठा दाबला, कागदावर टेकवला, आणि शाई पुसायला मी चिंधी पुढे करेपर्यंत केसांत पुसूनही टाकला. मग उठायचे सोडून बसूनच राहिली. झाडाखाली वारा बरा होता.

"घरी कोन कोन हाय तुमच्या?" तिने विचारले.

"मुलगी आहे. बेंगळुरूला."

"खबर घेती का न्हाय?"

"घ्यायची."

"आन आता?"

"मी बंद करायला सांगितले."

ती माझ्याकडे बघत राहिली. "का वो?"

तेवढ्यात लेकाने गाडी सुरू केली. "आये, चल की, म्हशी खोळंबल्यात." ती गेली. कागदावर अंगठ्याच्या रेषा ओल्या होत्या. तो कागद वाळेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत होतो आणि कालचे माझेच वाक्य मला ऐकू येत होते : अमुक माणूस अमुक वेळी स्वतः इथे हजर होता. ते मी आजवर किती लोकांना ऐकवले असेल. मुलीचा अंगठा पिवळा असो की कुठल्याही रंगाचा, तो आला त्या वेळी ती तिथे होती. काम बाजूला ठेवून तिने माझ्या पिंपाबाबत आणि घागरींबाबत वाचले होते आणि आपली हजेरी लावली होती. एवढेच त्याचे म्हणणे होते. सविस्तर उत्तर अंगठ्याखाली कधीच नसते, आणि ते नाही म्हणून मी एकाही म्हातारीचा अर्ज परत केलेला नाही.

पण आता अंगठा बंद होता आणि खुणा करड्या. मी उठून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. दुकान चालवणारी बाई शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली सून. घरात तेलुगू, दुकानात सोलापुरी. माझी निम्मी गिऱ्हाइके तिच्याकडे गेली आहेत, तरी हाक मात्र मामा अशी मारते.

"या की मामा! अर्ज टाईप करायचाय काय? हात दुखतोय वाटतं."

"माझ्या मोबाईलमध्ये दोष आहे. पोच मिळते, रंग बदलत नाही."

तिने फोन हातात घेतला, वर खाली केला आणि हसली. "अय्यो मामा, काय लिहिताय हे, 'पिल्ले मोठी झालेबाबत'! फोन चांगला हाय तुमचा. ग्रुप हाय ना हा. ग्रुपमधल्या सगळ्यांनी वाचल्याशिवाय निळं होत नसतंय. एकानं जरी वाचायचं ठेवलं ना, असंच करडं राहतंय. कोण कोण हाय ह्यात?"

"मी आणि मुलगी."

"हितं तीन दिसताहेत की. तिसरं कोण?"

मी फोनसाठी हात पुढे केला.

"थांबा, दाबून धरलं की कुणी वाचलं, कुणी नाही, नावासकट दिसतंय. दाखवते."

"नको," मी म्हणालो आणि फोन परत घेतला. असे कागद तिऱ्हाइताच्या दुकानात उघडायचे नसतात. ती मागून म्हणाली, "मामा, रागावलात काय ओ? चहा तरी घ्या." मी हात वर करून फाटकाकडे निघालो. त्या दिवशी टेबल लवकर आवरले.

घरी ऊन खिडकीतून देवाच्या फळीपर्यंत आलेले होते. पत्नीचा फोन तारेला लावलेला, गरम. मी हातपाय धुतले, कॉटवर बसलो आणि 'घर' उघडले. तिच्या बाजूने.

तिच्या फोनमध्ये मुलगी 'बाळ' या नावाने आहे. माझे नाव तिथे नाही. माझ्या प्रत्येक मजकुरावर 'कचेरी' असे लिहिलेले. मी फोन करायचो तो झाडाखालून, उशीर होईल एवढे सांगायला, म्हणून तिने तसे घातले असावे. मी वरून खाली वाचत गेलो. कचेरी : नळास पाणी आल्याबाबत. कचेरी : आपला पत्ता कळवावा. कचेरी : अंगठा लावण्यास हरकत. सगळे शुद्ध होते. स्वल्पविराम जागच्या जागी होते. पत्नी असती तर तिने ते वाचून फोन कानापासून दूर धरला असता आणि मुलीला स्वतःच्या शब्दांत सांगितले असते, की अप्पांना करमत नाही. माझ्या कुठल्याही मजकुरात ते वाक्य नव्हते. मी पुन्हा वर जाऊन पाहिले. नव्हते.

मग माझा फोन हातात घेतला. खुणा निळ्या झाल्या होत्या. शेवटची, तिच्या वरची, तिच्याही वरची. मी बोटाने मागे सारत गेलो आणि जिथवर गेलो तिथवर सगळे निळे. मुलीने सर्व वाचले होते. पाणी, पार्सल, पिल्लू, एकही सोडले नव्हते. वाचायचे राहिले होते ते घरातल्याच फोनवर, देवाच्या फळीशेजारी.

आनंद झाला. पण तो फार टिकला नाही, कारण पुढचा मुद्दा लगेच समोर आला. ती वाचत होती आणि उत्तर देत नव्हती, ते माझ्या आदेशाप्रमाणे. 'अन्यथा देऊ नये' असे मी लिहिले होते आणि तिने दिले नाही. सविस्तर लिहायला तिला जमले नसेल, सवड नसेल, किंवा मलाही पंख्याच्या आवाजापलीकडे काही सुचत नव्हते तसे तिलाही सुचले नसेल. माझ्या वाक्यात फट असती तर त्या फटीतून एखादा अंगठा आत आला असता.

त्या संध्याकाळी मी तिला साधे लिहायला बसलो. 'तू' असे लिहिले. पुढे काय लिहायचे ते येईना. ते खोडले, 'आपण' लिहिले, तेही खोडले. एवढ्या लोकांची गाऱ्हाणी मी लिहिली, त्यांच्या बायकांची, भावांची, बांधांची, आणि स्वतःचे लिहायला बसलो तर विषयाची ओळ घातल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. म्हणून हे अर्जाच्याच रूपात लिहिले आहे. ते एखाद्या अंकात छापून आले की त्या पानाचा फोटो 'घर' ग्रुपवर टाकण्यात येईल, आणि पत्नीच्या फोनवर तो त्याच दिवशी उघडण्यात येईल, जेणेकरून खुणांना अडथळा राहणार नाही.

सबब विनंती की,

अंगठा लावण्याबाबतची अर्जदाराची हरकत, तसेच 'स्वतःच्या शब्दांत व सविस्तर' ही अट, आणि विशेषतः 'अन्यथा देऊ नये' हे शब्द या अर्जाद्वारे बिनशर्त मागे घेण्यात येत आहेत. सामनेवालीने पूर्वीप्रमाणे अंगठा लावावा. तो कोणाचा, याबद्दल अर्जदाराची शंका राहिलेली नाही. 'काही नाही, तुमचंच' म्हणून आईजवळ जे सांगितले जायचे, त्यापैकी एखादे आठवत असल्यास तेही कधीतरी कळवावे. त्यास मुदत नाही.

गुरूंनी शेवटच्या परिच्छेदात रडण्यासाठी एक ओळ ठेवली होती, ती अशी : घरी करमत नाही.

अर्जदारास सही करता येते. तरीही त्याने खाली डाव्या हाताचा अंगठा आपण होऊन, स्वतः हजर राहून उमटवला आहे. 'अंगठा ओळखणार' ही जागा रिकामी आहे. ती सामनेवालीने भरावी, आणि या अर्जाची पोच मिळावी, ही विनंती.